पोटाच्या डायलिसिसमधील ग्लुकोजचा भार कमी करताना: बीड जिल्ह्यातील एका रुग्णाचे प्रकरण

केज तालुक्यातील एका खेड्यातल्या ५६ वर्षांच्या शेतकऱ्याचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मधुमेहाला १४ वर्षे झालेली, मूत्रपिंडे निकामी झालेली आणि हृदयाचे आकुंचन मध्यम प्रमाणात कमी झालेले, अशा अवस्थेत डायलिसिस सुरू करण्याची वेळ आली तेव्हा कुटुंबाने पोटाचे डायलिसिस, म्हणजे ज्याला रुग्णही आता सरसकट सीएपीडी म्हणतात, ते निवडले. यात पोटात द्रव सोडतात, पोटाच्या आतल्या आवरणातून रक्तातले टाकाऊ पदार्थ आणि जादा पाणी त्यात उतरते आणि काही तासांनी तो द्रव काढून टाकतात. आठवड्यातून तीनदा मशीनच्या डायलिसिससाठी जायचे तर प्रत्येक वेळी अख्खा दिवस मोडणार आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडणार, हे एक कारण होते. दुसरे वैद्यकीय होते: चार तासांत झपाट्याने पाणी काढणे अशा हृदयाला झेपत नाही, पोटाच्या डायलिसिसमध्ये तेच काम दिवसभर संथपणे चालते.

मराठवाड्यापुरते तिसरे कारणही नोंदवले पाहिजे. मशीनच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मि.लि. द्रव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळेच. ज्या भागात एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बंद पिशवीतून घरपोच येणारे निर्जंतुक द्रव ही सोय म्हणून नव्हे, तर गरज म्हणून विचारात घ्यावे लागते.

सुरुवातीचे वेळापत्रक साधे होते. रोज दोन लिटरच्या तीन पिशव्या: दिवसा दीड टक्क्याच्या दोन आणि रात्री अडीच टक्क्याची एक (ही टक्केवारी द्रवातल्या ग्लुकोजची). पिशव्या बदलण्याचे प्रशिक्षण सुनेने घेतले. हात धुणे, मास्क, पिशवी उजेडात धरून गढूळपणा पाहणे, वजन आणि निघालेल्या पाण्याची नोंद, हे सगळे तिने वहीत तारखेनिशी लिहून ठेवले आणि तिची ती वहीच पुढे निदानाचा मुख्य आधार ठरली. पहिले वर्ष चांगले गेले. रोजची लघवी सुमारे ७०० मि.लि. होती, सूज नव्हती, संसर्ग एकदाही झाला नाही.

बिघाड कुठून सुरू झाला

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पायांवर सूज दिसू लागली, रक्तदाब वाढला आणि रात्री उताणे झोपले की दम लागू लागला. लघवी ३०० मि.लि.च्या आसपास आली होती. अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे जास्त तीव्रतेची पिशवी, आणि तोच केला गेला: दिवसा अडीच टक्क्याच्या दोन आणि रात्री सव्वाचार टक्क्याची एक. सूज काही आठवडे उतरली आणि पुन्हा आली. दरम्यान वजन वाढले, ते पाण्याचेही होते आणि चरबीचेही. पोटाचा घेर वाढला, रक्तातल्या चरबीचा एक प्रकार असलेले ट्रायग्लिसराइड ३८० वर गेले, इन्सुलिनची मात्रा जवळजवळ दुप्पट करावी लागली आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ७.६ वरून ९.४ टक्क्यांवर पोहोचले. डायलिसिसच्या रुग्णात रक्तक्षय आणि त्यावरच्या इंजेक्शनांमुळे ही तपासणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते, तेव्हा खरी परिस्थिती याहून वाईट असण्याचीच शक्यता अधिक होती.

तपासणीच्या वेळी सुनेने विचारलेला प्रश्न मी टिपून ठेवला आहे, कारण या विषयाचा गाभा तिने एका वाक्यात मांडला होता: "मामांना आम्ही चहा सुद्धा बिनसाखरेचा देतो, अन् रोज तीन डाव पोटात साखरेचं पाणी सोडतो. ती साखर जाती कुठं, साहेब?"

तिला उत्तर द्यायचे तर हिशेब मांडावा लागतो. दीड टक्क्याच्या दोन लिटर पिशवीत सुमारे २७ ग्रॅम ग्लुकोज असते, अडीच टक्क्याच्या पिशवीत ४५ आणि सव्वाचार टक्क्याच्या पिशवीत ७७ ग्रॅम. पहिल्या वेळापत्रकात रोज जवळपास १०० ग्रॅम ग्लुकोज पोटात जात होते. नव्या वेळापत्रकात ते १६८ ग्रॅम झाले. यातला साधारण ६० ते ८० टक्के भाग पोटाच्या आवरणातून रक्तात शोषला जातो. म्हणजे या गृहस्थांच्या शरीरात रोज शंभर ग्रॅमहून बरीच अधिक साखर, चारशेच्या आसपास उष्मांक घेऊन, तोंडात एक चिमूटही न जाता येत होती. आहाराच्या तक्त्यात ही साखर कुठेच धरलेली नव्हती. मधुमेहाचा आहार समजावताना भाकरी किती, भात किती हे आपण बारकाईने सांगतो आणि पिशवीतल्या साखरेविषयी मौन पाळतो, ही उणीव बहुतेक ठिकाणी आहे आणि ती भरून काढायला एक पैसाही लागत नाही.

आवरणाचे काय झाले होते

वहीतली एक नोंद निर्णायक होती. रात्री नऊला दोन लिटर द्रव सोडले की सकाळी सहाला १८५० मि.लि.च बाहेर येत होते. म्हणजे पाणी निघण्याऐवजी १५० मि.लि. शरीरातच मुरत होते, आणि हे अडीच टक्क्याच्या पिशवीवर, तीव्रता वाढवण्याच्या आधीपासूनच घडत होते. पिशव्यांची तीव्रता वाढवण्याआधी आवरणाची चाचणी करायला हवी होती. ती नंतर केली तेव्हा चार तासांनंतर पोटातल्या द्रवातील आणि रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचे गुणोत्तर ०.८४ आले. ०.८१ च्या वर असेल तर आवरण 'जलद' मानतात.

जलद आवरण म्हणजे चांगले आवरण नव्हे. ग्लुकोजचे काम लोणच्यातल्या मिठासारखे असते: कैरीच्या फोडींतून मीठ जसे पाणी ओढून घेते, तसे पिशवीतले ग्लुकोज रक्तातले पाणी पोटात ओढते. हा ओढा ग्लुकोज पोटात टिकून आहे तोवरच टिकतो. जलद आवरणातून ग्लुकोज लवकर रक्तात निघून जाते, ओढा संपतो, आणि नंतरच्या तासांत पोटातले पाणी उलट शरीरात परत शोषले जाऊ लागते. नऊ तासांच्या मुक्कामात नेमके हेच होत होते. त्यावर तीव्रता वाढवली की पहिले काही तास जास्त पाणी निघते, पण शोषली जाणारी साखरही तितकीच वाढते.

यात एक दुष्टचक्र दडलेले आहे. जास्त ग्लुकोजच्या दीर्घ संपर्काने आवरणात नव्या रक्तवाहिन्या वाढतात, वरचा पेशींचा नाजूक थर झिजतो आणि खाली तंतुमय जाडी येते. रक्तवाहिन्या वाढल्या की आवरण आणखी जलद होते, पाणी आणखी कमी निघते आणि मग आणखी तीव्र पिशवी लागते. या हानीत ग्लुकोज एकटे नसते. पिशवी उष्णतेने निर्जंतुक करताना ग्लुकोजचे विघटन होऊन मिथाइलग्लायॉक्सालसारखी क्रियाशील कार्बोनिल संयुगे तयार होतात आणि ती पेशींना थेट विषारी असतात. हे विघटन कमी व्हावे म्हणून पारंपरिक द्रव मुद्दाम आम्लधर्मी, सुमारे ५.२ ते ५.५ सामूचे ठेवतात. काही रुग्णांना पिशवी सोडताना पोटात जळजळते, ते या आम्लतेमुळे.

कोणते पर्याय टेबलावर होते

पहिला पर्याय दोन कप्प्यांच्या पिशवीचा. यात ग्लुकोज अतिशय आम्लधर्मी कप्प्यात वेगळे निर्जंतुक करतात आणि वापरायच्या आधी मधली पट्टी फोडून दुसऱ्या कप्प्यातल्या द्रवाशी मिसळतात. मिश्रणाचा सामू रक्ताच्या जवळ येतो आणि विघटनाचे विषारी पदार्थ खूप कमी राहतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधील १८५ रुग्णांवरच्या 'बॅलन्झ' चाचणीत मूत्रपिंडांचे उरलेले कार्य घटण्याच्या वेगात ठरवलेला फरक सिद्ध झाला नाही, पण लघवी पूर्ण बंद होण्यास आणि पहिला संसर्ग होण्यास अधिक काळ लागला. हा द्रव निश्चितच सौम्य आहे. मात्र त्यातले ग्लुकोज तेवढेच असते, त्यामुळे या रुग्णाच्या साखरेचा आणि पाण्याचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता.

दुसरा पर्याय अमिनो आम्लांच्या पिशवीचा. त्यात ग्लुकोज अजिबात नसते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन २.९ इतकेच असलेल्या या रुग्णाला प्रथिनांचे घटकही मिळतात. दिवसातून एकच वापरता येते, कारण जास्त दिल्यास युरिया आणि रक्तातली आम्लता वाढते.

तिसरा आयकोडेक्स्ट्रिनचा. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेला हा ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा पदार्थ साडेसात टक्के प्रमाणात वापरतात. सिल्लोड-कन्नडच्या पट्ट्यात डोळ्यांदेखत मक्याची शेते पाहणाऱ्या आपल्या भागाला त्याचा कच्चा माल काही परका नाही. त्याचे मोठे रेणू आवरणातून सहज निसटत नाहीत, म्हणून द्रवाची एकूण तीव्रता रक्ताइतकीच असूनही तो दहा-चौदा तास संथपणे पाणी ओढत राहतो. शिवाय ग्लुकोजमुळे सुरुवातीला निघणारे बरेचसे पाणी पेशींमधल्या अ‍ॅक्वापोरिन या अतिसूक्ष्म मार्गांनी येते, जिथून मीठ जाऊ शकत नाही. आयकोडेक्स्ट्रिनमुळे निघणारे पाणी मुख्यतः दोन पेशींच्या मधल्या लहान छिद्रांतून, मिठासकट येते. ज्याची सूज मुळात मिठामुळे आहे त्याच्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे.

मग दुसरा आणि तिसरा एकत्र करून ग्लुकोज किमान पातळीवर का आणू नये, असा प्रश्न साहजिक येतो. त्याचे उत्तर 'इम्पेंडिया' आणि 'ईडन' या २०१३ साली एकत्रित प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत आहे आणि पोटाचे डायलिसिस करणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे. मधुमेह असलेल्या २५१ रुग्णांपैकी एका गटाला आयकोडेक्स्ट्रिन, अमिनो आम्ले आणि कमी ग्लुकोज असे वेळापत्रक दिले गेले. सहा महिन्यांत त्या गटाचे एचबीएवनसी दुसऱ्या गटाच्या तुलनेत अर्ध्या टक्क्याने सुधारले, चरबीचे आकडेही सुधारले. परंतु मृत्यू आणि गंभीर दुष्परिणाम त्याच गटात अधिक झाले, आणि त्यातले अनेक शरीरात साठलेल्या पाण्याशी निगडित होते. साखर सुधारली आणि पाणी साचले. ग्लुकोज कमी करणे म्हणजे पाणी ओढणारी शक्तीही कमी करणे, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरली आहे याची रोज खात्री करता येत नसेल तर तो उपचार धोक्याचा ठरतो. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे, आणि खेड्यात राहणाऱ्या, महिन्यातून एकदाच दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्याचे वजन दुप्पट होते.

प्रत्यक्षात काय केले

म्हणून आधी पाणी आणि मीठ, मग ग्लुकोज, असा क्रम ठरवला. घरातल्या जेवणाची चौकशी केली तेव्हा धपाट्यांबरोबर लोणचे, भाकरीबरोबर रोज ठेचा आणि उन्हाळ्यात घातलेल्या खारोड्या व पापड, असा मिठाचा मोठा वाटा निघाला. ठेचा बंद करा असे सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. मिठाऐवजी लसूण आणि लिंबू वाढवून घरच्यांसाठी वेगळा आणि त्यांच्यासाठी वेगळा करा, हे सुनेने मान्य केले आणि पाळलेही. उरलेल्या लघवीसाठी टॉर्सेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची मात्रा वाढवली. कोरडे वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, किती हे ठरवून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले, आणि त्याहून दीड किलो वाढले की त्याच दिवशी फोन करायचा असे ठरले.

वेळापत्रक नव्याने बांधले. सकाळी साडेसहाला आणि अकराला ग्लुकोजची पिशवी, दुपारी चारला आयकोडेक्स्ट्रिन, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोटात. जलद आवरणाला ग्लुकोज साडेचार-पाच तासच राहिले तर उलट शोषण सुरू होण्याआधीच द्रव बाहेर येतो, आणि लांबचा मुक्काम ज्याला झेपतो त्या द्रवाच्या वाट्याला जातो. सुरुवातीला दिवसाची एक पिशवी अडीच टक्क्याची ठेवली. पाणी नीट निघते आहे असे तीन आठवडे दिसल्यावरच ती दीडवर आणली. रोज पोटात जाणारे ग्लुकोज १६८ ग्रॅमवरून आधी ७३ आणि मग ५४ ग्रॅमवर आले. आयकोडेक्स्ट्रिनचाही काही भाग, बारा तासांत साधारण ६० ग्रॅम, शोषला जातो हे विसरता कामा नये. तो हळूहळू शोषला जातो आणि रक्तातली साखर एकदम चढवत नाही. उष्मांक मात्र शून्य नसतात.

अमिनो आम्लांची पिशवी आम्ही घेतली नाही. अल्ब्युमिन वाढवण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, मूग आणि थोडे चिकन हा मार्ग स्वस्त आणि कमी जोखमीचा वाटला.

साखर मोजण्याच्या यंत्राची फसवणूक

आयकोडेक्स्ट्रिन शरीरात फुटून माल्टोज तयार होते, आणि जीडीएच-पीक्यूक्यू नावाच्या पद्धतीवर चालणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजतात. आकडा खोटा चढतो, साखर प्रत्यक्षात उतरलेली असली तरीही. म्हणून पिशवी सुरू करण्याआधी घरच्या यंत्राच्या पट्ट्यांचे खोके मागवून त्यावरची बारीक अक्षरे वाचली, पट्ट्या सुरक्षित पद्धतीच्या आहेत याची खात्री केली, इन्सुलिन आधीच कमी केले आणि रुग्णाच्या खिशात ठेवायला या धोक्याची सूचना देणारे एक कार्ड मराठीत लिहून दिले.

तरीही प्रसंग आलाच. दुसऱ्या महिन्यात घरच्या पट्ट्या संपल्या आणि शेजाऱ्यांचे जुने यंत्र आणले गेले. आकडा २४० आला. नेहमीच्या हिशेबाने इन्सुलिन द्यायचे, पण रुग्णाला दरदरून घाम फुटलेला आणि हात थरथरत होते. सुनेने सुई भरली नाही, सिस्टरांना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "यंत्राकडे बघू नका, आधी साखर द्या." चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांत ते सावरले. पुढच्या भेटीत ते यंत्र बरोबर आणायला लावले: त्याच वेळी घेतलेल्या रक्तात यंत्राने २३१ दाखवले आणि प्रयोगशाळेने ११८. तो कागद आता आमच्या प्रशिक्षणाच्या फाइलमध्ये लावला आहे. तालुक्याच्या दवाखान्यात, रुग्णवाहिकेत किंवा रात्रीच्या अपघात विभागात कोणते यंत्र असेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून कार्डावरचे पहिले वाक्य आता लाल शाईत असते.

पावसाळ्यात पुरवठा खंडित झाला आणि आयकोडेक्स्ट्रिन काही दिवस मिळाले नाही. त्या काळात पुन्हा सव्वाचार टक्क्याकडे वळण्याऐवजी दुपारी चारला अडीच टक्क्याची पिशवी सोडून रात्री साडेआठला काढून टाकली आणि रात्रभर पोट रिकामे ठेवले. लघवी अजून होत असल्याने हे चालले. लघवी बंद झालेल्या रुग्णात चालले नसते.

सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी: लांबच्या मुक्कामानंतर सरासरी ४५० मि.लि. जादा पाणी निघते, सूज नाही, इन्सुलिन एक तृतीयांशाने कमी झाले आहे आणि एचबीएवनसी ८.१ टक्के आहे. ट्रायग्लिसराइड फारसे उतरले नाहीत. लघवी २५० ते ३०० मि.लि.वर टिकून आहे. खर्चाचा ताण मात्र वाढला, आणि तो कुटुंबानेच सोसला.

आपल्याला कोणता द्रव हवा आहे

ग्लुकोजला पर्याय शोधणे सोपे असते तर तो कधीच सापडला असता. सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल, जिलेटिन, डेक्स्ट्रान, अल्ब्युमिन असे कितीतरी पदार्थ याआधी अजमावले गेले. कुठे तो शरीरात साठत गेला, कुठे पाणी पुरेसे निघाले नाही, कुठे किंमत परवडली नाही. ग्लुकोज टिकून आहे ते स्वस्त, परिचित आणि निचरा होणारे आहे म्हणून.

सध्या दोन दिशा मला विशेष आश्वासक वाटतात. इटलीत विकसित होत असलेल्या द्रवात ग्लुकोजचा मोठा भाग काढून त्याजागी झायलिटॉल आणि एल-कार्निटिन घातले आहे. झायलिटॉल मुख्यतः यकृतात, इन्सुलिनवर फारसे न विसंबता वापरले जाते. कार्निटिन स्वतः पाणी ओढते आणि स्निग्ध पदार्थांच्या ज्वलनात शरीराला लागतेही. कार्निटिनयुक्त द्रवाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारल्याचे २०१३ च्या एका लहान चाचणीत दिसले होते. दुसरी दिशा व्हिएन्नाची: तिथे द्रवातले ग्लुकोज तसेच ठेवून त्यात अलॅनिल-ग्लुटामिन मिसळतात, जेणेकरून आवरणाच्या पेशींची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी राहावी. पहिली वाट भार हलका करते, दुसरी तो सोसण्याची ताकद देते. केजच्या या रुग्णाला दोन्हींची गरज होती.

पण चाचण्या आखणाऱ्यांकडे या प्रकरणातून काही मागण्या ठामपणे केल्या पाहिजेत. यशाचे पहिले माप साखर नसावे, शरीरातले पाणी असावे. रोज तीनच पिशव्या परवडणाऱ्या रुग्णांवर द्रव तपासला जावा, कारण भारतात असे रुग्ण पुष्कळ आहेत. नवा घटक कोणत्याही बाजारू ग्लुकोमीटरला फसवत नाही, हे परवान्याआधी सिद्ध व्हावे. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, चाळिशी ओलांडलेल्या तापमानात महिनाभर पिशव्या रचून ठेवल्या तर त्यात विघटनाचे पदार्थ किती वाढतात हे मोजले जावे. साठवणीच्या तापमानाचा हा प्रश्न पारंपरिक पिशव्यांनाही लागू आहे, आणि आमच्या केंद्राने आता घरभेटीत पिशव्या कुठे ठेवल्या आहेत हे पाहायला सुरुवात केली आहे.

या रुग्णाची आवरणाची चाचणी येत्या महिन्यात पुन्हा होईल. गुणोत्तर आणखी वाढले किंवा लघवी १०० मि.लि.च्या खाली गेली तर मशीनच्या डायलिसिसची तयारी सुरू करावी लागेल. त्यासाठी लागणाऱ्या डाव्या हाताच्या शिरा जपायच्या, त्यांतून रक्त घ्यायचे नाही, ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर कोरड्या वजनाखाली लिहून दिली आहे.